पाणी चढेपर्यंत

गेल्या जूनमध्ये, मिरगाचा पाऊस नीट लागण्याआधीच्या वादळी आठवड्यात, आमच्या घरची लाईट एका दिवसात सात वेळा गेली. दर वेळी ती परत आली की माजघरातल्या टेबलावर ठेवलेला चाचणीचा सर्किट बोर्ड आपोआप सुरू होई, आणि त्या सातांपैकी पाच वेळा त्याला स्वतःच्याच अंगावर बसवलेले स्टोरेजचे कार्ड सापडले नाही. पडद्यावर लिनक्स कर्नलच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, नोंदी भराभर वर सरकत, मध्येच एका जागी सगळे थबके, आणि मग एक ओळ उमटे: ‘फाय लिंक नेव्हर केम अप’. दोन चिपांमधली जोडणी, म्हणजे लिंक, झालीच नाही, एवढाच तिचा अर्थ. ती का झाली नाही, याविषयी ती ओळ काहीही सांगत नाही. पुढचे सात आठवडे मी त्या एका ओळीच्या मागे होते, आणि त्या आठवड्यांत ‘थांबणे’ या साध्या क्रियापदाविषयी जे समजले ते नीट लिहून ठेवावेसे वाटले.

मुचकुंदी नदी पूर्णगडापाशी समुद्राला मिळते. तिथून जवळच आमचे जांभ्या दगडाचे कौलारू घर आहे. घाटावरच्या एका कंपनीसाठी मी घरूनच काम करते. काम कर्नलमधल्या ड्रायव्हरचे, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या कोडचे, आणि त्यातही पीसीआय एक्स्प्रेस या बसच्या, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या मार्गाच्या, नियंत्रकाच्या ड्रायव्हरचे. मुख्य चिपमध्ये हा नियंत्रक बसवलेला असतो आणि बोर्डावरच्या खाचेत खोचलेल्या कार्डाशी त्याला बोलायचे असते. ड्रायव्हरने कार्डाला वीज द्यायची, ठेका देणारे क्लॉक सुरू करायचे, कार्डाला थोपवून धरणारी रिसेटची तार सोडायची, नियंत्रकाला जोडणीच्या कामाला लावायचे आणि जोडणी झाल्यावर पलीकडे कोण आहे ते विचारायचे. कामे पाचच आहेत आणि प्रत्येकाला कोडच्या दोन-चार ओळी पुरतात. या ड्रायव्हरांमध्ये मी आजवर पाहिलेले बहुतेक दोष या ओळींमध्ये नव्हते. एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जो वेळ जायला हवा होता आणि गेला नव्हता, त्यात ते होते.

पण सुरुवातीला माझा संशय तिकडे गेलाच नाही. कोकणात विजेची कोणतीही वस्तू बिघडली की प्रत्येकाचे बोट आधी खाऱ्या हवेकडे जाते, आणि त्यात चूक काही नाही. आमच्या घरी फ्रिजचा पत्रा खालून कुरतडल्यासारखा झाला आहे, पडवीतल्या पंख्याचे रेग्युलेटर दोन वर्षांत बदलावे लागते, आणि पावसाळ्यात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर जी बुरशी चढते ती दिवाळीच्या उन्हाशिवाय जात नाही. म्हणून मी कार्ड खाचेतून काढले आणि भिंगाखाली त्याच्या कडेचे सोनेरी पट्टे एकेक करून पाहिले. दोन पट्ट्यांवर मळकट पिवळसर झाक होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून ते पुसले, खाचही पुसली, कार्ड परत बसवून स्क्रू आवळला, आणि बोर्ड सलग तीन वेळा व्यवस्थित सुरू झाला. त्या रात्री मी समाधानाने झोपले. पहाटे वाऱ्याने लाईट गेली, सहा वाजता आली, आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ होती. नवे कोरे कार्ड मागवून बसवले, तरी तेच. खाऱ्या हवेने आमच्या घराचे पुष्कळ नुकसान केले आहे, पण या वेळी दोष तिचा नव्हता.

मग मी ड्रायव्हरचा इतिहास वाचायला घेतला. कोणती ओळ कधी आणि कोणत्या कारणाने आली हे गिट या बदलांच्या नोंदवहीत पाहता येते, आणि एखाद्या जुन्या घराच्या भिंतीवरचे चुन्याचे थर उकलावेत तसे ते थर उकलत जातात. माझ्याआधी ज्याने हे काम केले होते त्याच्याही वाट्याला हाच दोष आला होता. त्याने रिसेट सोडल्यानंतर अर्धा सेकंद थांबण्याची ओळ घातली होती. काही महिन्यांनी त्याच ओळीत अर्ध्याचा पूर्ण सेकंद झाला. कमिटच्या, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीच्या, मजकुरात फक्त एवढेच होते की काही बोर्डांवर लिंक येत नाही, म्हणून विलंब वाढवला. त्याला दोष देणे मला पटत नाही. दोष रोज एकाच रीतीने दिसत नसला, तर विलंब वाढवल्यावर बोर्ड दोन-तीनदा नीट सुरू होतो आणि आपण बरोबर जागी हात घातला असे कुणालाही वाटते. मलाही पट्टे पुसल्यावर तसेच वाटले होते.

त्या इतिहासात आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहिलेली नव्हती. हा दोष घाटावरच्या प्रयोगशाळेत क्वचितच दिसे. तिथे वीज जात नाही. चाचणी करणारा माणूस खुर्चीतून न उठता रीबूटची आज्ञा देतो, बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि अशा वेळी लिंक दर वेळी येते. मीही ताडून पाहिले. पन्नास वेळा रीबूट केले, पन्नास वेळा कार्ड सापडले. वीज पूर्ण तोडून पुन्हा दिली की मात्र भरवसा नाही. कारण पुढे बोर्डाच्या जोडण्यांचा नकाशा पाहताना कळले. कार्डाच्या ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याचा स्विच एका वेगळ्या विस्तारक चिपवरून चालत होता, आणि साध्या रीबूटमध्ये ती चिप आपली स्थिती सोडतच नव्हती. म्हणजे रीबूटमध्ये कार्डाची वीज कधी जातच नसे. आमच्याकडे लाईट जाते म्हणून जो दोष रोज दिसत होता, तो तिथे असूनही दिसत नव्हता. वारंवार लाईट जाणे ही गैरसोयच आहे, पण या कामापुरते ते मला मिळालेले एक उपकरण होते.

इथे जोडणी होते कशी हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग तोच आहे. नियंत्रकाच्या आत एक अवस्था-यंत्र असते, म्हणजे एकेक ठरलेली अवस्था पार करत पुढे जाणारी यंत्रणा. ते पहिल्यांदा फक्त एवढेच तपासते की तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणी आहे का. त्यासाठी ते आपल्या तारेवरचा विजेचा दाब किंचित बदलते आणि तो बदल किती वेगाने होतो ते पाहते. पलीकडे कुणी नसेल तर दाब झटकन चढतो. पलीकडे संकेत घेणारे कुणी असेल, त्याचा सुमारे ५० ओहमचा रोध जोडलेला असेल, तर वाटेतला कपॅसिटर भारित व्हायला वेळ लागतो आणि दाब सावकाश चढतो. एक शब्दही न बोलता, केवळ त्या सावकाशपणावरून, पलीकडे कुणीतरी आहे हे त्याला कळते. मग दोन्ही बाजू प्रशिक्षणाचे संच, म्हणजे एकमेकींशी जुळवून घेण्यासाठीचे ठरीव संकेत, एकमेकींकडे पाठवू लागतात. प्रत्येक संच १६ चिन्हांचा असतो, आणि पुढच्या पायरीवर जाण्याआधी किमान १०२४ संच पाठवावे लागतात. सुरुवात नेहमी सेकंदाला २.५ अब्ज बदलांच्या सर्वांत संथ वेगानेच होते, मग दोन्ही बाजू कितीही वेगवान असोत. त्या वेगानेही हे १०२४ संच अवघ्या ६५ मायक्रोसेकंदांत निघून जातात. माहिती वाहणाऱ्या मार्गिकांची संख्या, त्यांचा क्रम, कुठे अधिक-उणे तारा उलट जोडल्या आहेत का, हे सगळे याच देवाणघेवाणीत ठरते, आणि मग वेग वाढवला जातो.

या अवस्थांना क्रमांक असतात आणि आमच्या नियंत्रकात तो क्रमांक वाचता येतो. मी ड्रायव्हरमध्ये दर मिलिसेकंदाला तो छापायची सोय केली. लिंक नीट आली की शेवटी षोडशमान पद्धतीतला ११ हा आकडा दिसतो. म्हणजे नेहमीचे कामकाज सुरू. लिंक आली नाही की मात्र तो ३ वर जाऊन बसे. मी हा ३ तासभर पाहत बसले होते, आणि त्याचा अर्थ जसजसा उलगडत गेला तसतसा माझा आधीचा सगळा तर्क बदलत गेला. खाच गंजली असती किंवा कार्ड नीट बसले नसते, तर यंत्र ० आणि १ मध्येच घुटमळले असते, कारण पलीकडे कुणी आहे हेच त्याला कळले नसते. ३ चा अर्थ असा की पलीकडे कुणी आहे हे कळले, आपण संच पाठवायला सुरुवातही केली, पण २४ मिलिसेकंद उलटून गेले तरी पलीकडून काहीच हालचाल झाली नाही. कार्ड होते, त्याच्या तारा शाबूत होत्या, त्याला वीजही मिळत होती. तरी ते गप्प होते.

त्या दिवसांत शेजारचे तांडेल काका रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्यांची होडी वर ओढून झापांनी शाकारलेली होती आणि जाळ्याची दुरुस्ती करत ते बाबांशी गप्पा मारत. चाळीस वर्षे त्यांनी त्या खाडीतून होडी आत-बाहेर केली आहे. खाडीच्या मुखाशी वाळू साचते आणि ओहोटीला तिच्यावरून होडी नेणे धोक्याचे असते, म्हणून बाहेरून आलेली होडी पाणी चढेपर्यंत उभी ठेवावी लागते. मी त्यांना विचारले की किती वेळ थांबायचे हे ठरवता कसे. त्यांनी आधी तिथीचा हिशोब सांगितला, जो आमच्या किनाऱ्यावर लहान मुलालाही येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. मग म्हणाले, “पन बाय, ह्यो झाला हिशोब. आत शिरताना खडक बगायचा. खडक बुडाला काय, मंगच होडी घालायची.” मुखाच्या डाव्या अंगाला एक काळा खडक आहे आणि तो पाण्याखाली गेला की वाळूच्या दांड्यावर पुरेसे पाणी झाले असे ते धरतात. मग मी विचारले की रात्री, अंधारात, खडक दिसत नसताना काय करता. ते म्हणाले, तेव्हा हिशोबावर चालायचे आणि हिशोबात थोडा जास्तच वेळ धरायचा.

जाळ्याच्या गाठी मारता मारता त्यांनी हे सांगितले आणि पुन्हा बाबांशी बोलू लागले. मी मात्र उठून आत आले, कारण माझ्या ड्रायव्हरमध्ये हे दोन्ही प्रकार होते आणि मी त्यांच्याकडे वेगवेगळे म्हणून कधी पाहिलेच नव्हते. लिंक आली की नाही हे सांगणारा एक बिट असतो. कर्नलचा गाभा तो बिट सुमारे ९० मिलिसेकंदांच्या अंतराने दहा वेळा तपासतो आणि मग हार मानतो. हे खडक पाहून थांबणे झाले. कार्डाला दिलेली वीज पूर्ण चढली का, त्याच्या आतली चिप सावध झाली का, हे मात्र नियंत्रकाला विचारण्याची कोणतीही सोय नाही. तिथे खडक दिसत नाही. म्हणूनच पीसीआय एक्स्प्रेसच्या मानकाने तिथे आकडे ठरवून दिले आहेत: पुरवठा स्थिर झाल्यानंतर किमान १०० मिलिसेकंद रिसेट सोडायचा नाही, आणि क्लॉक स्थिर झाल्यानंतर किमान १०० मायक्रोसेकंद. माझ्याआधीच्या माणसाने घातलेला पूर्ण सेकंद रिसेट सोडल्याच्या नंतरचा होता. त्याच्या आधी, वीज देणे आणि रिसेट सोडणे यांच्यामध्ये, फक्त एक मिलिसेकंद होता. होडी दांड्यावर चढल्यानंतर कितीही वेळ थांबले तरी जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

तर्क पटला तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लिहीत नाही. रत्नागिरीला महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने विजेचा चढउतार रेघेने दाखवणारा स्वतःचा दोन वाहिन्यांचा ऑसिलोस्कोप आठवडाभरासाठी दिला. एका प्रोबचे टोक मी कार्डाच्या ३.३ व्होल्टच्या कपॅसिटरवर धरले आणि रिसेटच्या तारेला केसाएवढी बारीक तार सोल्डर करून दुसरे तिच्यावर अडकवले. बाहेर पाऊस होता, पागोळ्यांचा आवाज चालू होता, आणि माझा हात हलू नये म्हणून आईने बोर्ड दोन्ही हातांनी दाबून धरला होता. वीज दिली. पडद्यावर पिवळी रेघ खालून वर चढू लागली. ती ताठ उभी राहील असे मला वाटले होते. ती चढणीच्या वाटेसारखी तिरकी गेली आणि वर पोचायला तिला १८ मिलिसेकंद लागले. निळी रेघ, म्हणजे रिसेट, त्या चढणीच्या अगदी पायथ्याशी उडी मारून वर गेलेली होती. कार्डाला धड वीज मिळालेली नसताना आम्ही त्याला ‘ऊठ’ म्हणत होतो. कधी ते त्यातूनही सावरे, कधी अर्धवट जागे होऊन तसेच अडकून राही. आई म्हणाली, “ही निळी आधी कशी गेली?” ज्या प्रश्नासाठी मी एवढे आठवडे घालवले होते, तो तिने नुसते चित्र बघून विचारला.

पुरवठा इतका सावकाश का चढतो याचेही उत्तर होते. तो स्विच मुद्दामच सावकाश उघडणारा निवडलेला होता, कारण एकदम उघडला तर मोठ्या कपॅसिटरांमध्ये विजेचा लोंढा जाऊन बाकीचा बोर्ड खाली बसला असता. निवड योग्यच होती, पण ती कर्नलला कुणी सांगितली नव्हती. बोर्डावर काय काय आहे याचे वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या मजकुरात असते, आणि पुरवठा चालू केल्यावर स्थिर व्हायला किती मायक्रोसेकंद लागतात हे सांगण्यासाठी तिथे एक खास गुणधर्म आहे. आमच्या वर्णनात तो नव्हता. त्यामुळे कर्नल स्विचला ‘चालू हो’ म्हणे आणि पुढच्याच क्षणी वीज आली असे मानून चाले. मी तो गुणधर्म लिहिला, २५ मिलिसेकंदांचा. ड्रायव्हरमध्ये रिसेट सोडण्याआधी १०० मिलिसेकंदांची वाट घातली. आणि रिसेटनंतरचा तो जुना पूर्ण सेकंद काढून टाकला. शेवटचे काम करताना मला सर्वांत जास्त भीती वाटली, कारण विलंब काढणारा माणूस नेहमी संशयाने पाहिला जातो.

चाचणीसाठी एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, जोडला, जो दर दोन मिनिटांनी बोर्डाची वीज पूर्ण तोडे आणि पुन्हा देई. रात्रभर त्याची टिकटिक घरात ऐकू येत होती. सकाळी नोंदी पाहिल्या तर जोडणी प्रत्येक वेळी झालेली होती; पण तीन वेळा, जोडणी होऊनही, कार्डाचा पत्ताच नव्हता. पलीकडे कोण आहे असे विचारल्यावर उत्तरात सगळे बिट एक आले होते. या बसवर उत्तर द्यायला कुणी नसले की असेच सगळे एक परत मिळतात, म्हणूनच तो आकडा ओळख-क्रमांक म्हणून कोणत्याही कंपनीला दिला जात नाही. हा दुसरा दोष पहिल्याच्या आड लपलेला होता, आणि जुन्या सेकंदाने त्याला नकळत झाकून ठेवले होते. लिंक आली म्हणजे तारा बोलू लागल्या. कार्डाच्या आतला प्रोग्राम प्रश्नांची उत्तरे द्यायला तयार झाला असा त्याचा अर्थ होत नाही. आमचे कार्ड सेकंदाला ८ अब्ज बदलांच्या वेगाचे. ५ अब्जांपर्यंतच्या लिंकसाठी पहिला प्रश्न रिसेट सुटल्यापासून १०० मिलिसेकंदांनी विचारायचा. त्याहून वेगवान लिंकसाठी तेच १०० मिलिसेकंद प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून मोजायचे. आम्ही थांबतच नव्हतो. ती वाटही घातली. तिन्ही विलंब धरूनसुद्धा बोर्ड आता पूर्वीपेक्षा अर्ध्या सेकंदाहून अधिक लवकर सुरू होऊ लागला.

पुढच्या तीन रात्री रिले चालू ठेवला. आईला त्या आवाजाची इतकी सवय झाली की एका पहाटे मी तो बंद केल्यावर तिला जाग आली. शेकडो वेळा वीज तुटून परत आली होती आणि प्रत्येक वेळी कार्ड सापडले होते.

पॅच लिहिताना कोडपेक्षा मजकुरालाच मी जास्त वेळ दिला. कोणती वाट कोणत्या घटनेपासून मोजायची, ती घटना नियंत्रकाला दिसते की नाही, आणि दिसत नसेल तर आकडा कुठून आला, हे तिन्ही ठिकाणी लिहिले. ऑसिलोस्कोपवरचे १८ मिलिसेकंदही लिहिले. माझ्याआधीच्या माणसाच्या कमिटचा उल्लेख करावा लागला, कारण कोणत्या बदलापासून दोष आला हे सांगायची रीत आहे. तो उल्लेख करताना त्याच्याकडे ऑसिलोस्कोप नव्हता आणि त्याच्याकडे लाईट जात नव्हती, हे माझ्या मनात होते. कोड तपासणाऱ्या व्यक्तीने एकच दुरुस्ती सुचवली. मी तिथे नुसते १०० लिहिले होते. कर्नलमध्ये त्या शंभराला स्वतःचे नाव आहे, पुरवठा स्थिर झाल्यापासून रिसेट सुटेपर्यंतचा काळ असा त्या नावाचा अर्थ होतो, आणि आकड्याच्या जागी ते नाव वापरावे असे त्यांचे म्हणणे होते. ते मला मनापासून पटले. पुढे कुणाला तिथे लिंक आली नाही आणि त्याने शंभराचे दोनशे करायला हात उचलला, तर निदान आपण कशाचा काळ वाढवतो आहोत हे त्याला वाचता येईल.

दुरुस्त पॅच पाठवला त्या आठवड्यात बंदी उठली. तांडेल काकांच्या होडीवरचे झाप उतरले, आणि पहाटे पाणी चढल्यावर ती मुखातून बाहेर गेली. त्या दिवशी दुपारी आमची लाईट दोनदा गेली. दोन्ही वेळा कार्ड सापडले.